आधी पाय, मग नमस्कार

मी पायाळू जन्मले. म्हणजे जगात येताना लोकांचं डोकं आधी येतं, माझे पाय आधी आले. त्या बाळंतपणात आईचे जे हाल झाले ते तिने पुढे माझ्या प्रत्येक हट्टाच्या वेळी मला ऐकवले. कॉलनीतल्या बायकांना मात्र ही बातमी ऐकून आनंदच झाला असावा, कारण पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेतली उसण उतरते अशी जुनी समजूत आहे. बादली उचलताना, गहू निवडून उठताना, कधी नुसतं शिंकताना कमरेत एकदम काहीतरी धरतं आणि माणूस वाकलेला तसाच राहतो, ती उसण. रायपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत विदर्भातून आलेली मराठी घरं होती, छत्तीसगढी होती, तेलुगू होती. भाषा वेगळ्या, भाज्यांच्या फोडण्या वेगळ्या, पण उसण सगळ्यांची सारखी होती आणि तिच्यावरचा उपायही सगळ्यांना सारखाच ठाऊक होता.

पाच-सहा वर्षांची असल्यापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी काही खाण्याच्या आत करायचं असे. दुखणारी बाई आमच्या मागच्या ओसरीवर पालथी झोपायची. मी भिंतीला धरून उभी राहायची आणि डावा पाय तिच्या कमरेला सात वेळा लावायची. लाथ मारायची नाही, पाय लावायचा, हे आईने चांगलं बजावलं होतं. आणि सातव्यांदा लावून झाला की तिथल्या तिथे वाकून त्याच बाईच्या पायांना हात लावून नमस्कार करायचा, कारण मोठ्या माणसाला पाय लागणं चांगलं नाही. आधी पाय, मग नमस्कार. लहानपणी मला या दोन्हींत काही विसंगती वाटली नाही. आता हसू येतं.

पलीकडच्या क्वार्टरमधली छत्तीसगढी मावशी माझी नेहमीची. ती डोक्यावरून पाण्याचे हंडे आणायची आणि महिन्यातून एकदा तरी कमरेला हात लावून आमच्या मागच्या दारात उभी असायची. "कनिहा पिरात हे नोनी, थोकिन गोड़ लगा दे," म्हणायची. कनिहा म्हणजे कंबर, गोड़ म्हणजे पाय, नोनी म्हणजे मी. हे शब्द मी शाळेत जाण्याआधी शिकले. दोन दिवसांनी ती सरळ चालत यायची, हातात ठेठरीचा, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कडबोळ्यांचा, डबा असायचा आणि गल्लीभर माझ्या पायाचं कौतुक करत फिरायची. कौतुक कोणाला नको असतं? मला तर फारच हवं असे.

हे सगळं चालायचं बाबांच्या नकळत. बाबा वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. सकाळचा भोंगा झाला, त्यांची सायकल कोपऱ्यावरून वळली, की मागचं दार उघडायचं. आमच्या बौद्ध घरात नवस नव्हता, अंगारा नव्हता, धागादोरा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली, थोडं अंतर सोडून, बाबांचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र होतं. वर्कशॉपमध्ये दरवर्षी प्रशिक्षण व्हायचं आणि बाबा दरवर्षी त्यात बसायचे. घरातही त्यांनी एक पांढरी पत्र्याची पेटी ठेवली होती. तिच्यात कापूस, पट्ट्या, कात्री, आयोडीन आणि दोन क्रेप बँडेज, कधी न वापरलेली, घडीसुद्धा न मोडलेली.

बिचाऱ्या बाबांचं दुःख हेच होतं. कॉलनीत कोणाचा पाय मुरगळला, कोणाच्या पोटरीत गोळा आला, तर लोक गरम तेल चोळायचे, आंबेहळदीचा लेप लावायचे, चौकातल्या पहिलवानाकडून झटका देऊन घ्यायचे. पेटीकडे कोणी फिरकायचं नाही. बाबा जेवताना आम्हा दोघी बहिणींना समजावून सांगायचे. हाडाला हाड बांधणारे पट्टे असतात, ते ताणले किंवा तुटले की मुरगळ. आणि मांस ताणलं की लचक, उसण, जे म्हणाल ते. दोन्हींवर पहिल्या दोन दिवसांत चोळायचं नाही, शेकायचं नाही. आई वरण वाढत म्हणायची, "जेवा आधी, मंग शिकवा." माझी मान खाली असायची, कारण त्याच सकाळी मी कोणाच्या तरी कमरेला पाय लावलेला असायचा.

नवं राज्य झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. रायपूर एकदम राजधानी झालं आणि राजधानीला बसायला जागा नव्हती. शहरातला एक जुना सरकारी दवाखाना रिकामा करून तिथे मंत्रालय थाटलं. पुढे कितीतरी दिवस कोणी ना कोणी खेड्यावरचा माणूस दुखणारा गुडघा घेऊन त्या फाटकाशी यायचा आणि आत फाइलींचे गठ्ठे पाहून परत जायचा, असं बाबा सांगायचे. रस्त्यावर लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, भाडी वाढली आणि भरत्या निघाल्या. शिक्षक, पटवारी, शिपाई. आणि पोलीस.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बारावी होऊन घरी बसली होती. बसली होती म्हणजे शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती आणि दुपारी टायपिंगला जात होती, पण कॉलनीच्या भाषेत ती बसलेलीच होती. पोलीस भरतीची जाहिरात तिने स्वतःच पेपरातून कापून आणली आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

"मले वर्दी पाहिजे, बाबा," एवढंच म्हणाली.

बाबांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते एक लांब सुतळी घेऊन आले आणि रेल्वे मैदानावर आठशे मीटर मोजून चुन्याच्या खुणा केल्या. तेव्हापासून रोज पहाटे ताई पळायची आणि बाबा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे राहायचे. मीही जायची, तिची पाण्याची बाटली सांभाळायला. पहिल्या आठवड्यात ती अर्ध्यावर बसली. दोन महिन्यांनी ती अशी पळायला लागली की मैदानावर क्रिकेट खेळणारी पोट्टी बॅट टेकवून बघायची. आमच्या घरात आजवर कोणी वर्दी घातली नव्हती, बाबांचा तेलकट निळा डगला सोडून. ताईने टेलरकडे खाकी कापडाचा भावही विचारून ठेवला होता.

दसरा आला. आमच्या मैदानावर रावण उभा राहतो, सारं रायपूर तो जळताना बघायला लोटतं. बाबा मात्र दरवर्षी त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि परतताना भंडाऱ्याला आत्याकडे थांबून, पुस्तकांची पिशवी घेऊन तीन-चार दिवसांनी यायचे. त्या वर्षी जाताना ते ताईला म्हणाले, "दोन दिवस पळू नको. मैदान खराब राहते." शारीरिक चाचणीला अठरा दिवस उरले होते. ताईने एकच दिवस दम धरला.

मांडवाचे बांबू उपटून नेले होते, त्यांचे खड्डे तसेच होते. दुसऱ्या फेरीत वळणावर ताईचा डावा पाय एका खड्ड्याच्या काठावर पडला आणि आतल्या बाजूला वळला. मी बाटली टाकून धावले. ती खाली बसून घोटा दोन्ही हातांनी दाबून धरत होती. ओरडली नाही. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर हात टाकून ती लंगडत घरी आली आणि वाटेत तिने मला जे सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"बाबाले यायला अजून दोन दिवस हाय. तू पाय लाव. तुह्यानं साऱ्या कॉलनीचं बरं होते, माह्यं नाही होणार का?"

आता इथे खरं सांगायचं तर मला माहीत होतं की पायाळूचा पाय उसणीला असतो, कमरेला. घोट्याला कोणी कधी लावून घेतला नव्हता. पण माझं सगळ्यांत लाडकं माणूस माझ्याकडे ती गोष्ट मागत होतं जी आख्खी कॉलनी मागायची, आणि मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर नाही म्हणावंसं वाटलंच नाही. मला गर्व झाला होता. मागच्या ओसरीवर तिला बसवून, पाय पुढे करायला लावून, मी माझा डावा पाय तिच्या सुजायला लागलेल्या घोट्याला सात वेळा लावला. मग नमस्कार केला. आई आतून मोहरीचं तेल लसूण घालून कडकडीत गरम करून घेऊन आली आणि तिने ते अर्धा तास चोळलं. ताईच्या डोळ्यांत पाणी येत होतं. आई म्हणाली, "दुखू दे, शीर मोकळी होऊन राहिली."

संध्याकाळी मी ताईला विचारलं, "कसं वाटते?"

ती माझ्याकडे बघून हसली. "बरं वाटते."

त्या दोन शब्दांनी मी हवेत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पळायला निघाली तेव्हा मी तिला अडवलं नाही, उलट बाटली भरून घेतली. ती हळू पळाली, पण पळाली. तिसऱ्या दिवशीही गेली, आणि त्या दिवशी पाव फेरीनंतर तिला चालताही येईना. घोटा भिजलेल्या पावासारखा फुगला होता आणि त्याच्याखाली तळव्याच्या कडेने निळंजांभळं झालं होतं. आम्ही दोघी रिक्षाने घरी आलो. आईने पुन्हा तेल ठेवलं, पण या वेळी ताईने पाय ओढून घेतला.

बाबा दुपारच्या गाडीने आले. दारातच त्यांनी ताईचा पाय पाहिला. पुस्तकांची पिशवी तशीच खाली ठेवली, हात धुतले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. बाबांना मी पेटी उघडताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण कोणावर ती वापरताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी आधी हातच लावला नाही. विचारलं, पाय कोणत्या बाजूला वळला, वळताना काही कट्ट आवाज आला का, त्यानंतर चालता आलं होतं का. मग दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग अंगठ्याने घोट्याच्या हाडाचं टोक आणि त्याची मागची कड हळूहळू दाबत गेले आणि पाय न बघता तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हाडावर दाबल्यावर ताईचं तोंड फारसं बदललं नाही. हाडाच्या पुढे, खालच्या मऊ जागी बोट गेल्याबरोबर ती कळवळली.

"हाड नसावं," बाबा म्हणाले. "पट्टे गेलेत. पण मी डॉक्टर नाही. फोटो काढून घेऊ."

रेल्वेच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं. लिगामेंट चांगलंच दुखावलं होतं. डॉक्टरांनी पळण्याचं विचारल्यावर नुसती मान हलवली. कमीत कमी महिना, जास्तच. मग ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "पहले दिन ही आराम दे देते, मालिश नहीं करते, दौड़ती नहीं, तो शायद..." आणि ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शायदच्या पुढे काय असेल ते मी कोपऱ्यात उभी राहून पुरं केलं. मी पाय लावला नसता, तर ती पळाली नसती. ती पळाली नसती, तर तिची चाचणी गेली नसती.

घरी आल्यावर बाबांनी बर्फ आणायला मला पाठवलं. आमच्या भागात बर्फ मिळायचा तो मासळीवाल्याकडे. फडक्यात गुंडाळलेला तो बर्फ मी आणला. कापड मध्ये ठेवून पंधरा-वीस मिनिटं धरायचा, मग काढायचा, मग काही तासांनी पुन्हा. घरभर मासळीचा वास आणि आई नाकाला पदर लावून बसलेली. मग बाबांनी ती घडी न मोडलेली क्रेप बँडेज काढली. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून, घोट्याभोवती आठाच्या आकड्यासारखी फिरवत वर नेली आणि झाल्यावर ताईच्या पायाच्या नखांवर दाबून पाहिलं. नख पांढरं होऊन पुन्हा गुलाबी झालं तर पट्टी बरोबर आहे, निळं पडलं, मुंग्या आल्या तर सैल करायची. पाय दोन गाद्यांच्या वळकटीवर उंच ठेवला. हे सगळं ते मोठ्याने बोलत करत होते, जसं वर्गात शिकवत आहेत. कोणाला शिकवत होते ते मला तेव्हा कळलं नाही.

मी तेव्हाच रडले. मागच्या ओसरीवर जाऊन, तोंडात ओढणी कोंबून. बाबा मागे आले. मग मला राहवलं नाही आणि मी सगळं ओकले: पाय, तेल, मावशी, ठेठरी, मागचं दार, इतकी वर्षं. मला वाटलं ते आता आकाशपाताळ एक करतील. ते पायरीवर बसले.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "साऱ्या वर्कशॉपले माहीत हाय. माह्या पेटीले कुलूप अन् माह्या पोरीच्या पायाले रांग. लोकं हसतात मले."

मी अजून जोरात रडले.

"आयक. उसण दोन-चार दिवसांत आपोआपच उतरते. लोकं तिसऱ्या दिवशी तुह्याकडं येतात, चौथ्या दिवशी बरं वाटते, अन् नाव तुह्या पायाचं होते. त्यात तुह्यी चूक नाही. पण माणूस दुखून राहिला तर आधी त्याले विचारावं लागते, त्याच्या तोंडाकडं पाहावं लागते. तू पाहिलं का ताईच्या तोंडाकडं?"

मी पाहिलं होतं. ती हसली होती. हे मी बाबांना सांगितलं नाही.

पुढचे दिवस माझ्या आठवणीत फार लांब आहेत. दोन-तीन दिवसांनी सूज उतरायला लागली तशी बाबांनी ताईला खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायला लावली. क का कि की. ळ लिहिताना तिला सगळ्यांत जास्त दुखायचं आणि ती चिडून म्हणायची, "हे अक्षर हिंदीत नाही तेच बरं हाय." मग भिंतीला धरून टाचा उचलणं, मग दात घासताना एका पायावर उभं राहणं. मी तिच्याशेजारी उभी राहून तेच करायची. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती चाचणीपर्यंत नेमाने सगळं करत राहिली, जणू डॉक्टरांनी महिना म्हटलंच नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी बाबांनी तिला अंगणात उभं केलं. म्हणाले, दुखऱ्या पायावर तीन उड्या मार. ती एक उडी मारून दुसरीला कोसळली.

"जायचं का नाही ते तू ठरव," बाबा म्हणाले. "परीक्षा पुन्हा निघू शकते. घोटा दुसरा मिळत नाही."

ती गेली. पट्टी बांधून, बाबांच्या सायकलवर मागे बसून. मी दुसऱ्या सायकलवर. पोलीस मैदानाच्या कुंपणाबाहेर मुलींच्या आयांमध्ये आम्ही उभे राहिलो. ताईची उंची मोजली, ती पास झाली. मग धावण्यासाठी मुली रांगेत बसवल्या, छातीवर कापडाचे नंबर लावले. तिची तुकडी उभी राहिली. तिने एकदा खाली आपल्या पायाकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग हात वर केला आणि रांगेतून बाहेर आली. नंबर काढून तिने तिथल्या बाईंच्या हातात दिला. आमच्याकडे येईपर्यंत तिचा चेहरा कोरडा होता. सायकलवर बसल्यावर मात्र तिने बाबांच्या पाठीला कपाळ टेकलं आणि बाबांचा शर्ट मागून हळूहळू ओला होत गेला. मी मागून सायकल चालवत तो शर्ट पाहत घरी आले.

त्या दिवसापासून मी कोणाला पाय लावला नाही. पलीकडची मावशी आली, कमरेला हात लावून, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, आता नहीं." ती रुसली. चार दिवस बोलली नाही. मग मीच तिच्या घरी गेले आणि बाबांनी ताईला जसं विचारलं होतं तसं तिला विचारलं. कमरेचे प्रश्न बाबांनीच शिकवले होते: कधीपासून दुखतं, पायात कळ जाते का, पाय बधिर होतो का, लघवीला त्रास आहे का. तसलं काही नव्हतं, ताणलेलं मांस होतं. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं, आणि काही दिवस हंडे सुनेने आणायचे. सून माझ्यावर खवळली, मावशी खूश झाली. हळूहळू लोक पुढच्या दारानेच यायला लागले आणि बाबांच्या पेटीतल्या बँडेज दर महिन्याला संपायला लागल्या. बाबा त्या धुऊन दोरीवर वाळत घालायचे, आणि वर्कशॉपमधला कोणी जाताना दिसला की मुद्दाम तेव्हाच घालायचे.

दुसरी भरती निघायला दोन वर्षं लागली. ताई त्यात लागली. तिने खाकी घालून पहिल्यांदा घरात पाऊल ठेवलं तेव्हा बाबा तिचे बूट बघत बसले. मीही पुढे फिजिओथेरपी शिकले आणि आज दिवसभर लोकांचे घोटे, खांदे, कमरा हाताळते. आम्हा दोघींची घरं सुखाची आहेत. पण त्या दोन वर्षांबद्दल आम्ही बहिणी कधी बोललो नाही. पहिल्या भरतीत लागलेल्या तिच्या बरोबरीच्या मुली तिच्या आधी हवालदार झाल्या, तेव्हाही नाही. मी दर वेळी तिच्या डाव्या बुटाकडे पाहायची आणि विषय बदलायची.

मागच्या हिवाळ्यात ती एका दुपारी थेट ड्यूटीवरून माझ्याकडे आली. नव्या रायपुरात कोणी मोठा पाहुणा येणार होता, त्या रुंद मोकळ्या रस्त्यावर ती सकाळपासून उभी होती, आणि एक लोखंडी बॅरिकेड बाजूला करायला वाकली ती तशीच राहिली. ड्रायव्हरने आणून सोडलं. माझ्या दारात हवालदारीणबाई कमरेत अर्ध्या वाकलेल्या, एक हात भिंतीवर.

"उसण भरली वं," म्हणाली.

मी तिला आत घेतलं, पालथी झोपवलं, सगळं विचारलं, सगळं तपासलं. पाय उचलून पाहिले, अंगठ्यांची ताकद पाहिली, मणक्यावर बोटं ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ताणलेला स्नायू होता. काय करायचं ते सांगितलं: झोपून राहू नकोस, थोडं थोडं चाल, दोन दिवसांनी शेक घे, वाकून काही उचलायचं नाही, अन् पायात मुंग्या आल्या तर रात्र असो की दिवस, फोन कर. तिने सगळं ऐकलं. उठली नाही.

"झालं?" उशीत तोंड घालून तिने विचारलं.

"झालं."

"मंग आता पाय लाव."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. मी म्हटलं, "काहीतरीच. त्यानं काही होत नाही."

"मले माहीत नाही का?" ती म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं. तू पाय लावत होती अन् माह्या मस्तकापर्यंत कळ जाऊन राहिली होती. मी पळणारच होती. तू लावला नसता तरी पळाली असती. अठरा दिवस बाकी होते, मी कोणाचं आयकलं असतं?"

"पण तू बरं वाटते म्हणाली."

"तू अशी पाहून राहिली होती माह्याकडं, बावळट. काय म्हणू मंग?"

इतकी वर्षं मी जे ओझं पाठीवर घेऊन फिरत होते ते तिने उशीत तोंड घालून, निम्म्या वाक्यात खाली उतरवलं. मला रडू आलं आणि रागही आला. हे आधी नसतं का सांगता आलं? पण मीही कधी विचारलं नव्हतं. मी रोज परक्या माणसांना विचारते, कधीपासून दुखतं.

"लाव ना वं," ती म्हणाली. "बाहेर ड्रायव्हर थांबला हाय."

मी चप्पल काढली. भिंतीला हात धरला आणि डावा पाय तिच्या कमरेला, खाकी शर्टावरून, हलकेच लावला. एक, दोन, तीन. सातव्यांदा ती म्हणाली, "बरं वाटते," आणि आम्ही दोघी हसलो, ती हसता हसता "आई गं" म्हणाली कारण हसल्याने कमरेत कळ आली.

मग मी तिच्या पायांशी आले. बूट काढलेले होते, मोजे होते. आईने शिकवलं होतं तसं वाकून मी दोन्ही हात तिच्या पायांना लावले. डावा घोटा उजव्यापेक्षा अजून थोडा जाड लागला. मी हात तिथेच ठेवला आणि तिने पाय ओढून घेतला नाही.